आपण दोघींनी

गेल्या जूनमध्ये न्यू जर्सीतल्या आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीच्या निवृत्तीचा केक कापला. पांढऱ्या आयसिंगवर निळी फुलं होती, कागदी बशा होत्या आणि हातातून सुटलेले दोन फुगे छताला टेकून बसले होते. एकवीस वर्षं ती आणि मी एकाच बेंचवर काम केलं. औषधांच्या बॅचेस तपासायचं काम. तिचा लॅबकोट मी डोळे मिटून ओळखेन, कारण खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या असतात. भाषणाला उभी राहिल्यावर ती एकेकाचं नाव घेऊन काही ना काही आठवण सांगत गेली. माझ्यापाशी आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "दोन हजार आठच्या फेब्रुवारीत आपलं अख्खं राज्य दुसरीकडे गेलं होतं. तेव्हाही या लॅबमधल्या दोघीजणी बराक ओबामाच्या बाजूनं उभ्या राहिल्या. ही आणि मी. आपण दोघींनी!" टाळ्या पडल्या. तिचे डोळे भरून आले होते. मी हसले, मान हलवली, तिला घट्ट मिठी मारली. बशीतला केक तसाच राहिला. आयसिंगची निळी फुलं वितळून कागदाला चिकटेपर्यंत मी ती बशी हातात धरून उभी होते.

मी त्या फेब्रुवारीत ओबामाला मत दिलं नव्हतं.

नोव्हेंबरात दिलं होतं, अगदी मनापासून. त्या रात्री शिकागोच्या मैदानातली गर्दी टीव्हीवर बघताना मीही रडले होते. गेली सतरा वर्षं मी त्या नोव्हेंबरच्या मताच्या आडोशाला उभी आहे. कुणी विचारलं की "ओबामाला" म्हणायचं, आणि ते खोटं नसायचं. पण ती बोलत होती ते ५ फेब्रुवारी २००८ बद्दल, प्रायमरीबद्दल, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानाबद्दल. नोव्हेंबरची निवडणूक एका अर्थी सोपी असते. समोर दोन पक्ष असतात, दोन वेगळ्या दिशा असतात. प्रायमरीत मात्र दोघंही आपल्याच घरातले. धोरणांतला फरक चिमटीत मावेल एवढा. मग नजर माणसावर जाते, त्याच्या आवाजावर, कातडीवर, त्यानं काय सोसलं असेल त्यावर, आणि तिथून वळून आपण स्वतः काय सोसलं त्यावर. २००६ मध्ये नेवार्कला शपथ घेऊन मी नागरिक झाले होते. अध्यक्षपदासाठी आयुष्यातलं पहिलं मत मला द्यायचं होतं, आणि समोर दोन नावं होती, हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा. तोवरच्या दोनशे वर्षांत कुठलीच बाई किंवा कुठलाच काळा माणूस त्या पदाच्या इतक्या जवळ आला नव्हता. न्यू जर्सीची प्रायमरी एरवी जूनमध्ये व्हायची, सगळं ठरून गेल्यावर. त्या वर्षी ती फेब्रुवारीत आणली होती, त्यामुळे आमच्या मताला खरोखर वजन होतं.

त्या जानेवारीची थंडी मला अजून आठवते. ३ तारखेला आयोवात ओबामा जिंकला आणि हिलरी तिसरी आली. चारच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये, पोर्ट्समथच्या एका कॅफेत, कुणा बाईनं तिला साधा प्रश्न विचारला, हे सगळं कसं निभावता तुम्ही? आणि हिलरीचा आवाज कातर झाला. त्याच दिवशी तिच्या दुसऱ्या एका सभेत दोन पुरुष 'माझ्या शर्टाला इस्त्री कर' असा फलक घेऊन ओरडत उभे राहिले. मी दोन्ही दृश्यं संध्याकाळच्या बातम्यांत लागोपाठ पाहिली. चॅनेलवरची मंडळी मात्र शर्टाबद्दल फारसं बोललीच नाहीत. ते अश्रू खरे की खोटे, यावर ती रात्री उशिरापर्यंत बोलत राहिली. पोळ्यांची कणीक हाताला तशीच ठेवून मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. रडली तर कच्ची, नाही रडली तर दगड. हा हिशेब मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी एडिसनमध्ये आमच्या ओळखीच्या एका घरी हळदीकुंकू होतं. बाहेर बर्फाचे मळकट ढीग, आणि दारातून आत गेलं की तिळाचा, गुळाचा, अत्तराचा वास. पंचवीसएक बायका, सगळ्या काळ्या साड्यांत. वर्षातला हा एकच सण, जेव्हा आमच्यात काळा रंग मुद्दाम हौसेनं नेसतात. चंद्रकळा, काळी पैठणी, कुणाची आईची जुनी काळी इरकल, पदराला नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास येणारी. वाण लुटता लुटता विषय निवडणुकीवर आला. एक म्हणाली, आपण बायकांनी बाईला नाही दिलं तर कोण देणार? दुसरी म्हणाली, मला ती आवडत नाही, नवऱ्यानं एवढं केलं तरी राहिलीच ना त्याच्याबरोबर. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एक वयस्कर काकू, मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, तिळगुळाची वडी मोडत सहज म्हणाल्या, "अगं पण त्या काळ्याला कोण निवडून देतंय?" कुणी दचकलं नाही. कुणी उत्तरही दिलं नाही. काकू प्रेमळ होत्या, माझ्या लेकीला त्यांनी जवळ घेऊन बोरं-चुरमुऱ्यांनी न्हाऊ घातलेल्या बाळांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्यांच्या अंगावरच्या काळ्याभोर साडीवर हलव्याचा पांढराशुभ्र हार होता. मी तो हार बघत राहिले आणि गप्प बसले. आमच्या लग्नाच्या जाहिरातींत 'गोरी' हा शब्द उंची-शिक्षणाच्याही आधी येतो, हे ठाऊक असलेल्या पंचवीस बायका त्या खोलीत होतो.

घरी नवरा ओबामाचा. त्याची कारणं स्वच्छ होती. २००२ च्या ऑक्टोबरात इराक युद्धाचा अधिकार देणाऱ्या ठरावाला हिलरीनं होकार दिला होता, आणि त्याच महिन्यात शिकागोत ओबामा त्या युद्धाच्या विरोधात बोलला होता. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मी आरोग्यविम्याचं काढायची. २००३ मध्ये नवऱ्याची नोकरी गेली होती आणि सात महिने आम्ही विम्याचा हप्ता साठवणीतून भरला होता. लेकीला दमा, तिचा इनहेलर संपायला आला की मी त्यावरच्या आकड्याकडे बघायची. हिलरी म्हणत होती विमा प्रत्येकाला सक्तीचा हवा, तरच तो प्रत्येकाला परवडेल. ओबामाच्या योजनेत सक्ती फक्त मुलांपुरती होती. (पुढे २०१० मध्ये त्यानं जो कायदा केला, त्यात सक्ती सगळ्यांनाच आली.) हा मुद्दा खरा होता आणि मी तो टेबलावर आपटून मांडायची. कधी चिडले की आदल्या वर्षीचं ते प्रकरण उकरून काढायची, ओबामाच्या प्रचारातल्या कुणीतरी पत्रकारांना वाटलेला तो कागद, ज्यात भारतीयांशी असलेल्या लागेबांध्यांवरून हिलरीला 'पंजाबची डेमोक्रॅट' म्हणून हिणवलं होतं. ओबामानं त्याबद्दल चूक कबूल केली होती. नवरा म्हणायचा, माफी मागितली ना त्यानं? मी म्हणायची, लागलं ते लागलंच. भांडताना माझा आवाज चढायचा, आणि आत कुठेतरी मला कळायचं की विमा खरा आहे, पंजाब खरा आहे, तरी एवढा आवाज चढण्याचं कारण यातलं कुठलंच नाही.

कारण माझ्या आईकडे होतं असं मला तेव्हा वाटायचं.

१९७७ ची निवडणूक. मी नऊ वर्षांची. नवी पेठेतल्या आमच्या घरात त्या वेळी एकोणीस माणसं जेवायला असायची. धाकटे काका आणीबाणीत येरवड्याला होते, चौदा महिने. त्यांचा डबा, त्यांची पत्रं, आजीचे उपास, सगळं घर त्या एका गोष्टीभोवती फिरत होतं. काका सुटून आले तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते. मतदानाच्या दिवशी बाबांनी सकाळीच सगळ्या बायकांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभं करून सांगितलं, नांगरधारी शेतकरी, विसरायचं नाही. आईबरोबर मी शाळेतल्या केंद्रावर गेले होते. परत येताना तिनं शाई लागलेलं बोट पदरात धरून ठेवलं होतं, हळदीचा हात लागू नये म्हणून जपतात तसं. त्यानंतर तेवीस वर्षांनी, मी माहेरी गेले असताना, दुपारी शेंगा सोलता सोलता ती एकदम म्हणाली, "मी तेव्हा गाय-वासरावर शिक्का मारला होता." मी शेंग हातातच धरून बसले. ज्या बाईनं काकांना आत टाकलं तिला? आईनं टरफलं एका बाजूला ओढली. म्हणाली, "बाई होती ती. चुकली, फार चुकली. मला काय कळत नव्हतं? पण एकोणीस माणसांचं रांधत होते मी. भाजी काय करू एवढंसुद्धा मला कुणी विचारलं नव्हतं कधी. तिथं पडद्याआड गेले, तर पहिल्यांदा मी एकटी होते."

मला तिचा राग आला होता. काकांचे पांढरे केस आठवून खूप राग आला होता. आणि त्याच वेळी शेंगांच्या त्या ढिगाजवळ बसलेली, नखांत माती गेलेली माझी आई मला पहिल्यांदाच माझ्याहून वेगळी, पूर्ण अशी कुणी दिसली होती. हे दोन्ही मी आजवर एकमेकांपासून सोडवू शकलेले नाही.

५ फेब्रुवारीला मी सकाळी साडेसहाला लेकीच्या शाळेत मत द्यायला गेले. व्यायामशाळेत रबराचा, घामाचा आणि कुणीतरी आणलेल्या कॉफीचा वास होता. कुठल्याच पक्षात नाव नोंदवलेलं नसल्यानं टेबलामागच्या आजीबाईंसमोर मला डेमोक्रॅट म्हणून सही करावी लागली. जीभ कोरडी पडली होती. यंत्र म्हणजे कपाटाएवढा उभा फळा, बाजूला पडदा. बोटानं नाव दाबलं की शेजारी हिरवी खूण उजळते, आणि शेवटी खाली उजवीकडचं मोठं बटण दाबेपर्यंत ती बदलता येते. मैदान सोडून गेलेल्या जॉन एडवर्ड्सचं नावही अजून फळ्यावर होतं. मी ओबामाचं नाव दाबलं. खूण उजळली. मी तिच्याकडे बघत राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही. मग पुन्हा बोट ठेवून ती विझवली आणि हिलरीचं नाव दाबलं. त्या क्षणी मला विमा आठवत नव्हता. मला २००५ ची एक मीटिंग आठवत होती. दोन वर्षं मी ज्याला हाताला धरून शिकवलं होतं, त्या मुलाला आमच्या गटाचा प्रमुख केलं होतं आणि मला सांगितलं होतं की तुमचं बोलणं जरा मवाळ आहे. मी मोठं बटण दाबलं. बाहेर आले तेव्हा पुरतं उजाडलं होतं आणि माझे पाय हलके झाले होते. खरं सांगते, आनंद झाला होता मला.

त्या दिवशी लॅब अर्धी रिकामी होती. न्यूयॉर्कचे जायंट्स अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल जिंकले होते आणि मॅनहॅटनमध्ये त्यांची मिरवणूक होती. दुपारी आम्ही दोघीच डबे उघडून बसलो. ती आदल्या दोन आठवड्यांपासून वेगळ्याच तंद्रीत होती. २६ जानेवारीला साउथ कॅरोलायनात ओबामा जिंकला त्या दिवशी तिची आई तिकडे रांगेत उभी होती, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं असताना. त्या बाईला तरुणपणी काळी म्हणून मत देऊ दिलं नव्हतं. १९६५ चा मताधिकाराचा कायदा झाल्यावर तिनं पहिलं मत दिलं. हे सगळं ती मला सांगत होती, आणि सांगता सांगता थांबून म्हणाली, "तू दिलंस ना?" मी "हो" म्हटलं. "कुणाला?" तिच्या डब्यात लाल बीन्स आणि भात होता, काटा हातात तसाच धरला होता. मी "ओबामाला" म्हटलं. तिनं टेबलावरून हात पुढे करून माझं मनगट दाबलं. दुसऱ्या दिवशी न्यू जर्सी हिलरीकडे गेल्याचं कळल्यावर ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "जाऊ दे. आपण आपलं केलं." तेव्हा सांगता आलं असतं. एक दिवस झाला होता फक्त.

तेव्हाही मी गप्प राहिले.

त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत मतांची चिरफाड सुरू झाली. कॅलिफोर्नियात मतदान करून बाहेर पडलेल्या आशियाई वंशाच्या मतदारांपैकी ७१ टक्क्यांनी हिलरीला मत दिल्याचं सांगितलं होतं, २५ टक्क्यांनी ओबामाला. लगेच प्रश्न आला, आशियाई लोक काळ्या उमेदवाराला मत देतच नाहीत का? मी कॅलिफोर्नियातली नव्हते, पण तो आकडा वाचताना मला माझंच नाव छापल्यासारखं वाटलं. आमच्या लॅबमध्ये एक यंत्र आहे. एचपीएलसी म्हणतात त्याला. औषधाचा थेंबभर द्राव आत सोडायचा. स्टीलच्या बोटभर कॉलममधून तो दाबानं पुढे ढकलला जातो आणि आतले घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतात, कुणी चौथ्या मिनिटाला, कुणी सातव्या. पडद्यावर एकेकाचा डोंगर उमटतो. दोन डोंगर एकमेकांवर चढले तर आम्ही सॉल्व्हंटचं प्रमाण बदलतो, वेग कमी करतो, पुन्हा करतो, ते वेगळे होईपर्यंत. कधी तीन-तीन दिवस जातात. ते काम करताना कित्येकदा मी माझं ते मत मनातल्या मनात त्या कॉलममध्ये सोडलं आहे. विमा वेगळा निघतो. इस्त्रीचा तो फलक वेगळा निघतो. २००५ ची मीटिंग वेगळी निघते, चांगली उंच. आई वेगळी निघते. आणि शेवटी, सगळं संपलं असं वाटत असताना, एक बुटका पसरट डोंगर येतो, कशाचा ते मला ठाऊक आहे. हळदीकुंकवात मी गप्प बसले त्याचा.

तिला मात्र असं वेगळं करता येत नव्हतं, आणि हे तिनंच मला पूर्वी एकदा सांगितलं होतं. २००५ च्या त्या जागेसाठी अर्ज आम्ही दोघींनी केला होता. निकालानंतर पार्किंगमध्ये उभं राहून मी बाई असण्याबद्दल तावातावानं बोलत होते. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुला का नाही दिलं हे तुला माहीत तरी आहे. मला दोन्हींपैकी कशासाठी नाही दिलं, हे मला कधीच कळणार नाही." तिच्या आईच्या कपाटात शर्ली चिझमचा १९७२ चा बिल्ला आहे. काळी बाई, डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागायला उभी राहिलेली पहिली. काळी असण्यापेक्षा बाई असण्यानं आपली वाट जास्त अडवली, असं चिझम म्हणायची. हे मला बेंचवरच्या तिनं सांगितलं. म्हणजे २००८ मध्ये हा पेच माझ्याआधी आणि माझ्याहून खोल तिला पडलेला असणार. हे मी तेव्हा लक्षातच घेतलं नाही. मी गृहीत धरलं की तिचं मत म्हणजे तिची कातडी.

याच वर्षांमधली अजून एक गोष्ट आहे, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. एका हिवाळ्यात तिची गाडी बंद पडली होती आणि आठवडाभर मी तिला माझ्या गाडीतून घरी सोडत होते. एका संध्याकाळी रूट २७ वर सिग्नलला थांबलो. अंधार पडला होता. हूड घातलेला एक काळा मुलगा गाडीसमोरून रस्ता ओलांडत होता, हातात पिझ्झाचा खोका. माझा डावा हात आपोआप दाराकडे गेला आणि बटण दाबलं गेलं. चारही दारांची कुलुपं एकदम लागली. खट्. हीटरचा आवाज चालू होता तरी ते खट् मला अजून ऐकू येतं. ती खिडकीबाहेर बघत होती, तशीच बघत राहिली. पुढच्या चौकापर्यंत कुणी बोललं नाही, मग तिनं कुठल्याशा सेलबद्दल काही विचारलं. तिच्या लक्षात आलं नसावं अशी मी स्वतःची समजूत घातली.

म्हणूनच १८ मार्च २००८ ला ओबामानं फिलाडेल्फियात वंशाबद्दल केलेलं भाषण आम्ही लॅबच्या संगणकावर एकत्र ऐकलं, तेव्हा मला खुर्चीत बसणं अवघड झालं. ज्या गोऱ्या आजीनं त्याला वाढवलं, जिचा त्याच्यावर जीव होता, तीच रस्त्यानं जवळून जाणाऱ्या काळ्या माणसांना घाबरत असल्याचं तिनं कबूल केलं होतं, आणि तिला मी टाकू शकत नाही, असं तो शांतपणे सांगत होता. मला हळदीकुंकवातल्या काकू आठवल्या. मग माझा डावा हात आठवला. ती शेजारी चष्मा पुसत बसली होती. आणि २०१३ च्या जुलैत, अध्यक्ष म्हणून, तो चक्क त्या आवाजाबद्दलच बोलला, रस्त्यानं चालताना गाड्यांच्या दारांची कुलुपं लागल्याचा आवाज ऐकण्याबद्दल. घरी नवऱ्याबरोबर बातम्या बघत होते. मी उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

निवृत्तीच्या समारंभानंतर तीन आठवडे मला नीट झोप लागली नाही. लेक आता सव्वीस वर्षांची आहे, फिलाडेल्फियात असते. तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आई, तेव्हा तू नवीन होतीस, मत गुप्त असतं, कुणाला सांगायला तू बांधील नव्हतीस. तिचं म्हणणं बरोबर आहे. २०२४ मध्ये तिच्याही ऑफिसात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की ती कमला हॅरिसलाच मत देणार, आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला माझ्या ओळखीच्या एकीनं भारतीय वंशाच्या निकी हेलीला 'आपली' म्हणून मत द्या असा आग्रह धरला होता. लेक दोन्हीकडे म्हणाली होती, माझं मी बघीन. मलाही असंच म्हणता आलं असतं. "माझं मी बघितलं" असं म्हणून डबा खात राहिले असते, तर मैत्रिणीला राग आला नसता.

जुलैत एका रविवारी नारळाच्या वड्या करून पर्थ अँबॉयला तिच्या घरी गेले. तिथून खाडी दिसते, पलीकडे स्टेटन आयलंड. वाटेत सेंट पीटर्स चर्चपाशी गाडी थांबवली. तिनं मला पूर्वी एकदा तिथं आणलं होतं. थॉमस मंडी पीटरसन तिथं पुरलेला आहे. शाळेत साफसफाईचं, देखभालीचं काम करणारा माणूस. ३१ मार्च १८७० ला, वंशावरून मत नाकारायला मनाई करणारी पंधरावी घटनादुरुस्ती लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, या गावात त्यानं मत दिलं. त्या दुरुस्तीखाली मत देणारा देशातला पहिला काळा माणूस. मतदान गावच्या सनदेबद्दल होतं. पुढे गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्याला सोन्याचं पदक केलं, लिंकनचा चेहरा असलेलं. त्या मतानंतर तीनच वर्षांनी पुण्यात ज्योतिबांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या या देशातल्या लोकांना अर्पण केली. माझं पुणं आणि तिचं हे गाव यांच्यातला हा धागा मी तिला कधी सांगितला नव्हता. पीटरसनच्या बायकोला मात्र त्या दिवशी मत नव्हतं. न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या बायका १७७६ पासून मत देत होत्या आणि १८०७ मध्ये कायदा करून त्यांचं आणि काळ्यांचं, दोघांचंही मत एकाच फटक्यात काढून घेतलं होतं. काळ्या पुरुषाला ते १८७० ला परत मिळालं, बायकांना १९२० ला. आधी कुणाला, यावरून १८६९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध एकत्र लढलेली माणसं फुटली. काळ्या पुरुषांना आधी म्हणणारा फ्रेडरिक डग्लस एकीकडे, बायकांच्या मतासाठी लढणाऱ्या एलिझाबेथ कॅडी स्टँटन आणि सुझन अँथनी दुसरीकडे. आणि काळ्या बायका कुठे उभ्या राहणार होत्या? हे वाचलं होतं मी. त्या दगडापाशी उन्हात उभी राहून पुन्हा मनात घोळवलं आणि लक्षात आलं की मी वेळ काढते आहे.

ती व्हरांड्यात बसली होती, पायांत स्लिपर, मांडीवर शब्दकोड्याचं पुस्तक. मी डबा टेबलावर ठेवला आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. हिलरीला दिलं होतं. तुझ्याशी खोटं बोलले. तिनं पुस्तक मिटलं, पेन आत ठेवून. मी घाईघाईनं कारणं सांगायला लागले. विमा, इस्त्रीचा फलक, ती मीटिंग, आई सुद्धा. तिनं हात वर करून थांबवलं.

"मत तू कुणालाही दे," ती म्हणाली. "माझ्या सख्ख्या बहिणीनं हिलरीला दिलं होतं. महिनाभर भांडलो आम्ही, मग विसरलो. मला खोटं का सांगितलंस?"

मी म्हटलं, तुला वाटलं असतं की तो काळा म्हणून मी...

"मला काय वाटलं असतं, ते मला विचारलं होतंस?"

खाडीवरून वारा येत होता. व्हरांड्याच्या कठड्याचा रंग एके ठिकाणी उडाला होता, तिथे मी नखानं कोरत राहिले. मग मी तिला सिग्नलचं सांगितलं. हूडवाला मुलगा, पिझ्झाचा खोका, माझा हात. सांगताना आवाज फुटत नव्हता. ती समोर बघत ऐकत होती, त्या संध्याकाळी खिडकीबाहेर बघत होती तशीच.

"रूट सत्तावीस," ती म्हणाली. "पेट्रोल पंपाच्या अलीकडचा सिग्नल. आठवतंय मला."

एवढं बोलून ती उठली आणि आत गेली. नळाचा आवाज आला, कपाट उघडल्याचा आला, मग बराच वेळ काहीच आला नाही. मी वड्यांच्या बंद डब्याकडे बघत व्हरांड्यात बसून राहिले.